वीस मिनिटांत काय वाचायचं?

(दुबईतल्या एका लेबर कॅम्पमध्ये सुट्टीच्या दिवशी केलेलं भाषण)

भावांनो, जेवणं झालीत, डोळे जड झालेत, म्हणून थोडक्यात बोलतो.

पहाटे चारला उठायचं, बस पकडायची, संध्याकाळी सातला परत. मग आंघोळीची रांग, स्वयंपाकाची पाळी, घरी फोन. इथे नऊ वाजतात तेव्हा गावाकडे साडेदहा झालेले असतात. पोरं झोपायच्या आत बोलायचं असतं. सगळं उरकून हातात राहतात वीस मिनिटं, आणि मोबाईलवर दोनशे मेसेज. शुभ सकाळ, क्रिकेट, गावचं राजकारण, आणि मध्येच कुठेतरी आपल्या हक्काची एक ओळ. नेमकी तीच सुटते.

सुटली की काय होतं ते सांगतो. आमच्या ओळखीचा एक शटरिंग कारपेंटर. २०२४ च्या शेवटी त्याचं काम सुटलं, हिशोबाचे पैसे अडकले. चौदा महिन्यांनी भेटला तेव्हा म्हणाला, "आता काय उपयोग? दावा एका वर्षात करावा लागतो." तसा मेसेज त्याने वाचला होता. मेसेज खोटा नव्हता, जुना होता. अमिरातीत ही मुदत आता काम संपल्यापासून दोन वर्षं आहे. ३१ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलला. वाचायचा तो भरपूर, पण ही एक ओळ राहून गेली. आता त्याने तक्रार केली आहे. पण मधले महिने उधारीवर गेले, त्याचं काय?

म्हणून सांगतो, सगळं वाचायच्या मागे लागू नका. तीनच गोष्टी धरा.

एक, स्वतःचे कागद. व्हिसा कधी संपतो, पगार किती जमा झाला, ओव्हरटाइम किती तास लागला. हे महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी बघा आणि वहीत लिहून ठेवा.

दोन, सरकारी सूचना. इथल्या कामगार मंत्रालयाची आणि आपल्या भारतीय वकिलातीची. उन्हाळ्यातली दुपारची सुट्टी, १५ जून ते १५ सप्टेंबर, साडेबारा ते तीन, अशा गोष्टी तिथेच पक्क्या कळतात.

तीन, भरवशाचं एक मराठी वाचन. एकच. बाकीचे ग्रुप म्यूट करा. कोणी रागावणार नाही.

आणि हे एकट्याने करू नका. खोलीत आठ जण आहात ना? वाटून घ्या. एकाने मंत्रालयाचं बघायचं, एकाने वकिलातीचं. सुट्टीच्या दिवशी जेवणानंतर दहा मिनिटं मोठ्याने वाचायचं. ज्याला वाचता येत नाही तो ऐकेल, आणि प्रश्न तोच चांगले विचारेल.

मेसेज पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी बघा: तारीख कोणती, देश कोणता, सांगतंय कोण. सौदीचा नियम इथे चालत नाही, आणि इथला कतारमध्ये.

राहिलेले मेसेज राहू द्या. त्याचं ओझं घेऊन झोपू नका. उद्या पुन्हा चारला उठायचंय.

आता मोबाईल काढा. व्हिसा संपायची तारीख बघा आणि शेजारच्याला सांगा. सुरुवात इथूनच करू.