हॅमायसिन : आपल्या पिंपरीचं औषध



संयोजक म्हणाले, आयटीवर बोल. ते तुम्ही रोज ऐकता. मी एका औषधाच्या नावावर बोलते : हॅमायसिन.

आपल्यातल्या कित्येकांच्या घरचं कुणी ना कुणी 'एचए'त होतं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, 1954 ची सरकारी कंपनी. 1955 पासून तिथे पेनिसिलिन बनू लागलं. पण पेनिसिलिनचा शोध परदेशातला. हॅमायसिनचा शोध एचएच्याच प्रयोगशाळेतला. डॉ. एम. जे. थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी 1961 मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. तोंडात बुरशीमुळे पांढरे चट्टे येतात ना, तसल्या आजारांवर ते वापरलं गेलं.

आता नावाची फोड. 'हॅ' म्हणजे कंपनीची आद्याक्षरं, एच आणि ए. 'मायसिन'ची गंमत मोठी आहे. ग्रीक 'मायकेस' म्हणजे बुरशी. हे औषध ज्यातून मिळतं ते स्ट्रेप्टोमायसीस जातीचे जिवाणू मातीत धाग्यांसारखे वाढतात, म्हणून पूर्वी त्यांची गणना बुरशीत झाली. पुढे कळलं, हे बॅक्टेरिया. तोवर नाव रुळलं होतं. (आमच्या जुन्या कोडमधली नावंही कुणी बदलत नाही, सगळीकडे बदलावं लागतं म्हणून!) त्यामुळे बुरशी मारणाऱ्या औषधाच्या नावातच बुरशी बसली आहे.

इंग्रजी स्पेलिंगमध्ये आणखी एक खूण असते. स्ट्रेप्टोमायसीसपासूनच्या औषधांत 'मायसिन'ला वाय, तर जेंटामायसिन वेगळ्या जिवाणूपासूनचं, म्हणून तिथे आय. देवनागरीत दोन्ही सारखीच दिसतात.

पण मला सर्वांत आवडतं ते जिवाणूचं नाव : स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. आपली पिंपरी, लॅटिन वेशात! पुणेकरांनी नाराज होऊ नये, एचएच्याच संशोधकांनी एका बुरशीला 'पूनेन्सिस' म्हटलंय.

आज पिंपरी म्हटलं की लोक चाकणपर्यंतचे गाड्यांचे कारखाने मोजतात. मुलीला मी हे नाव सांगितलं तेव्हा तिला वाटलं, आई थापा मारतेय. शेवटी लिहून दाखवलं, जीवशास्त्राच्या तासाला शिकवलं होतं तसं : पहिल्या शब्दाचं आद्याक्षर मोठं, दुसऱ्याचं लहान, खाली रेघ. पिंपरीचा 'पी' तिथे लहानच लिहायचा.