वर्गाबाहेरच्या कामाची पदवी

वसतिगृह, समुपदेशन, विद्यार्थी मंडळं, नव्या विद्यार्थ्यांचं स्वागत. कॉलेजातली ही कामं आपल्याकडे बहुधा एखाद्या प्राध्यापकाकडे जादा जबाबदारी म्हणून येतात. अमेरिकेत मात्र हा स्वतंत्र व्यवसाय आहे. त्याचं नाव ‘स्टुडंट अफेअर्स’.

या क्षेत्रात टिकून पुढे जायचं, तर सहसा पदव्युत्तर पदवी लागते. त्याआधीची पदवी कोणत्याही विषयातली चालते. मग दोन वर्षांचा एम.ए., एम.एड. किंवा एम.एस. करायचा. त्यात विद्यार्थी-विकासाचे सिद्धान्त, समुपदेशनाची कौशल्यं, उच्च शिक्षणाचा इतिहास, कायदा, अर्थकारण आणि संशोधन पद्धती शिकवतात.

पण खरी कसोटी कामाची. या अभ्यासक्रमांसाठीच्या ‘कॅस’ या संस्थेच्या मानकांनुसार किमान ३०० तासांचं प्रत्यक्ष काम अनुभवी व्यक्तींच्या देखरेखीखाली करावं लागतं. अनेक जण असिस्टंटशिप घेतात: आठवड्याला साधारण वीस तास काम, त्याबदल्यात मानधन आणि बऱ्याचदा फीमाफी. डीन किंवा उपाध्यक्षपदासाठी बहुधा डॉक्टरेट लागते.

अशा कामांसाठी आपल्याकडेही २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी विकास मंडळाची तरतूद आहे.

श्रोतेहो, अमेरिकेतल्या या अभ्यासक्रमांसाठी अर्ज करणार असाल, तर एन.एस.एस., वसतिगृह, युवा महोत्सव यांतला तुमचा अनुभव अर्जात जरूर लिहा. आणि प्रवेशाआधी असिस्टंटशिप मिळणार का, हे लेखी विचारून घ्या.