रमाबाईंचं एकटेपण आणि त्यांचा ख्रिस्त



एकटेपणात श्रद्धा माणसाला काय देते, याचं उत्तर मी आज पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात शोधणार आहे.

१८७४च्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, मागोमाग थोरली बहीण. पायी देश पालथा घालताना सोबत असलेला भाऊ श्रीनिवास १८८० साली वारला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तोच, १८८२मध्ये, पती बिपिनबिहारी पटकीने गेले. पदरात तान्ही मनोरमा. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. तिथे बरोबर आलेली मैत्रीण आनंदीबाई भगत दगावली आणि कानांनी दगा दिल्यामुळे डॉक्टर होण्याची वाटही बंद झाली.

तिथेच फुलहॅम इथे, समाजाने टाकलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती सिस्टर मायेने सांभाळताना त्यांनी पाहिलं. ही माया येते कुठून, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय त्यांच्यापुढे आला. भर दुपारी एक शोमरोनी बाई एकटीच विहिरीवर येते. यहुद्यांना शोमरोन्यांचं पाणी चालत नसे. आणि दमलेला येशू तिच्याचकडे प्यायला पाणी मागतो, तिच्याशी धर्माच्या गोष्टी बोलतो. पाणी चालणं-न चालणं म्हणजे काय, हे डोंगरेशास्त्र्यांच्या लेकीला, रमाबाईंना, कुणी समजावून सांगायला नको होतं.

या ख्रिस्ताला एकटेपण ऐकून माहीत नव्हतं. गेथशेमाने बागेत त्याने शिष्यांना जागं राहायला सांगितलं आणि ते झोपी गेले. ख्रिस्ती माणूस रात्री प्रार्थनेला बसतो तेव्हा ज्याने हे भोगलं त्याच्याशीच बोलतो. त्या माणसाला धीर येतो तो इथून.

रमाबाईंनी इंग्लंडमध्येच बाप्तिस्मा घेतला. पण त्याने त्यांचं एकटेपण सरलं, असं मी म्हणणार नाही. उलट पुण्यातले कितीतरी स्नेही दुरावले. श्रद्धेने त्यांना दिलं ते दुसऱ्याच्या एकटेपणापाशी जाण्याचं बळ. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना केडगावला घेऊन आल्या. दुष्काळाने पोरकी केलेली बाई दुष्काळातल्या पोरींची आई झाली. तिथल्या त्यांच्या मुक्ती सदनात मनोरमेने अंध मुलींना ब्रेल शिकवलं. सदनाच्या छापखान्यात मुली खिळे जुळवू लागल्या. १९२१मध्ये मनोरमाही गेली. तरी बायबलचं मराठी भाषांतर रमाबाईंनी हातचं सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ला त्यांनी देह ठेवला.

पौलाने करिंथकरांना हेच लिहिलं होतं: देव आपलं सांत्वन करतो ते आपण इतरांचं करावं म्हणून. तेव्हा एकट्या पडलेल्या माणसाला नुसतं ‘प्रार्थना कर’ म्हणून वाटेला लावू नका. त्याच्याबरोबर प्रार्थनेला बसा. रविवारी उपासना संपल्यावर ज्याची घरी वाट पाहणारं कुणी नाही, त्याला आपल्या घरी जेवायला न्या. त्याच्या ताटात वाढाल, तेव्हा ज्या ख्रिस्ताविषयी आपण बोलतो तो त्यालाही भेटेल.