हरलेल्यांना वस्ती आठवते

ताडीवाला रोडची, दांडेकर पुलाची, येरवड्याची पोरंपोरी इथं बसलीत, म्हणून सरळच बोलतो. सत्ता गेली की काँग्रेसला वस्ती आठवते. हा टोमणा नाही, हिशेब आहे.

१९९५ ला महाराष्ट्रात तिची सत्ता गेली. सेना ७३, भाजप ६५, जोशी सरकार आलं. १९९६ च्या लोकसभेत काँग्रेसच्या ४८ पैकी १५ उरल्या. मग ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना, आणि जाब विचारणाऱ्यांवर राखीव पोलिसांच्या गोळ्या. दहा माणसं मेली.

तो संताप रस्त्यावर असताना विरोधातल्या शरद पवारांनी एक समीकरण जुळवलं. रिपब्लिकनांचे गट एकत्र आले होते, त्यांच्याशी नि समाजवादी पक्षाशी जागावाटप. १९९८ ला प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून, रामदास आठवले उत्तर-मध्य मुंबईतून दिल्लीला गेले. चारही जागा खुल्या, बरं का! राखीव एकही नाही. काँग्रेसला ३३. इथं पुण्यात युतीच्या पाठिंब्यावर उभे राहिलेले कलमाडी पडले, विठ्ठल तुपे आले. सवर्णांची मतं निळ्या झेंड्याला पडत नाहीत म्हणतात ना? पडतात. पक्षाला गरज असली की पडतात.

पुढं काय? १९९९ त पवारांनी राष्ट्रवादी काढली, रिपब्लिकन पुन्हा फुटले. ऑक्टोबरात दोन्ही काँग्रेस मिळून मंत्रालयात परत. आपली एकी काही परत आली नाही. आणि ती फक्त त्यांनी फोडली असं म्हणू नका, आपल्याकडंही खुर्चीला चटावलेले कमी नव्हते.

२०२४ ला संविधानाच्या नावावर आघाडीनं लोकसभेच्या ३० जागा घेतल्या. नोव्हेंबरात विधानसभेला ठाकरे २०, काँग्रेस १६, पवार १०. सभागृहाचा दहावा हिस्सा म्हणजे २९, तोही एकाला गाठता आला नाही. संविधान हातात धरून फोटो काढला की विरोधी पक्ष होत नाही. २०२५ त सामाजिक न्याय खात्याचा पैसा लाडकी बहिणीकडं वळवला, अशी ओरड खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यानं केली. विरोधकांनी वस्तीवस्तीत मोर्चा काढायचा तो यावर.

आता ते आपल्या दारी येतील. तेव्हा विचारा, खुल्या जागा किती, आणि आजच लिहून देता का? बोलणीला एकटा पुढारी धाडू नका. वस्तीतली चार पोरंपोरी शेजारी बसवा, कागद त्यांच्या हातात राहू द्या.