रिकाम्या खुर्चीचा धडा



नगराचा प्रथम नागरिक मतदारांनी निवडावा की नगरसेवकांनी, हा वाद जुनाच आहे. महाराष्ट्राने नगराध्यक्षाची थेट निवड 2016 मध्ये आणली, 2020 मध्ये मोडली आणि 2022 मध्ये पुन्हा आणली. सरकार बदलले की रीत बदलते. मग सोय नगराची पाहिली जाते की पक्षाची, हे आम्ही सांगावयास नको.

बागच्या लेण्यांमुळे प्रसिद्ध असलेल्या धार जिल्ह्याकडे पाहा. धार व देवास या दोन्ही पवारांच्या जुन्या राजधान्या. देवासला जुलै 2022 मध्ये मतदारांनी महापौर थेट निवडला. धारला जानेवारी 2023 मध्ये त्यांनी नगरसेवक निवडले व नगरसेवकांनी अध्यक्ष. एकाच राज्यात दोन रीती! परंतु थेट निवडलेल्या महापौरालाही अंदाजपत्रक मंजूर करून घ्यावयाचे असते ते सभागृहातच. तेथे हात वर करणारा असतो नगरसेवक.

त्याच मध्य प्रदेशाने थेट निवडलेल्या अध्यक्षास परत बोलावण्याचा हक्क मतदारांस दिला. मतपत्रिकेवर एक भरलेली खुर्ची आणि एक रिकामी. लोकांनी रिकामी पसंत केली की अध्यक्ष घरी! अनूपपूरच्या मतदारांनी 2001 साली हे करून दाखविले. मात्र या मतदानाची मागणी करण्यास तीनचतुर्थांश नगरसेवकांच्या सह्या लागत. म्हणजे लोकांचा हा हक्कही नगरसेवकाच्या लेखणीतूनच उमटावयाचा!

आमच्या बेळगावात तर महापौर नगरसेवकच निवडतात. 2023, 2024 आणि 2025 या तिन्ही वर्षी नवा महापौर आला. खुर्चीवरील माणूस वर्षाने जातो, प्रभागातील माणूस 5 वर्षे राहतो. घरपट्टी, नळाचे पाणी, गटारे, दुकानांवरील पाट्यांची भाषा, या प्रत्येक प्रश्नी सभागृहात तुमचा शब्द मांडणारा अथवा गिळणारा तोच.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: महापौर कोण होणार, या गप्पांत निवडणुकीचे दिवस घालवू नका. आपल्या दारी येणाऱ्या उमेदवारास विचारा, सभागृहात कोणत्या ठरावावर तू काय बोलशील? निवडून आल्यावर दर तीन महिन्यांनी प्रभागाची सभा भरवून हिशेब देशील काय? जो या प्रश्नास बगल देईल, त्याची खुर्ची आधीच रिकामी ठेवा. ते करण्यास कोणाच्या सहीची गरज नाही. तुमचे एक मत पुरे आहे.