ठाण्याची पायरी

भाईंदर पूर्वेला इतके तरुण जमलेले बघून बरं वाटलं.

गेल्या वर्षी लोकलमध्ये माझा मोबाईल चोरीला गेला. अब्बा म्हणाले, "जाऊ दे, ठाण्याची पायरी नको." नया नगरात जानेवारी २०२४ मध्ये जे झालं, त्यानंतर आमच्या घरात हीच भाषा आहे. तरी मी गेलो. ड्युटीवरच्या साहेबांनी 'आमची हद्द नाही' म्हणून परत पाठवलं. मला कायदा माहीत नव्हता, तुम्हाला असू द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३: दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता नोंदवायची, प्रत फुकट द्यायची. नाही नोंदवली तर वरिष्ठांना लेखी कळवा, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा.

त्या साहेबांचे डोळे मात्र रात्रभर जागलेले दिसत होते. मुंबईत देवनार ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग व्हायला २०१६ उजाडलं! आणि दबाव काय फक्त तासांचा असतो? ८ जुलै २०२५ ला मीरा रोडच्या मराठी मोर्चावेळी पोलिसांनी धरपकड केली; दुसऱ्या दिवशी आयुक्तांची बदली. कारण काहीही असो, नाक्यावरच्या हवालदाराने त्यातून काय अर्थ घेतला असेल?

प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच राजकीय दबावापासून संरक्षण आणि तक्रार प्राधिकरण, दोन्ही सांगितलं होतं. आपण दुसरंच तेवढं मागतो. पहिलंही मागायला हवं.

आणि हो, ठाण्यात एकटे जाऊ नका. अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर पोच घ्या.