मोबाईल केव्हा, फळा केव्हा?



मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि आपल्या शिक्षकांनी हाताशी असलेल्या मोबाईलवरून शिकवायला सुरुवात केली. शाळा उघडल्यावर मात्र पुष्कळ वर्गांत मोबाईलच्या वाट्याला तासाची शेवटची पाच मिनिटं आली. पाठ संपला, वेळ उरला, दाखवा व्हिडिओ. यात शिक्षकांना बोल लावणं मला पटत नाही. अ‍ॅप कसं उघडायचं हे आपण त्यांना प्रशिक्षणात शिकवलं. पाठाचा कोणता भाग मोबाईलवर द्यायचा आणि कोणता समोरासमोरच घ्यायचा, हे ठरवायला शिकवायचं राहून गेलं.

अपूर्णांकांची बेरीज घ्या. एक छेद दोन अधिक एक छेद तीन. अनेक मुलं बिनधास्त लिहितात, दोन छेद पाच. वर वर मिळवलं, खाली खाली मिळवलं. अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी आलं, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. व्हिडिओत ही बेरीज दोन मिनिटांत सुटते, मूल मान डोलावतं आणि वहीत पुन्हा तेच लिहितं. म्हणून हा भाग वर्गातच हवा. कागदाच्या सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या द्या. एकीचे दोन भाग, दुसरीचे तीन. मग दोन्हींवर सहा-सहा घरं आखून मोजू द्या. संध्याकाळी मोबाईलवर तीनच प्रश्न पाठवा. ज्या घरी मोबाईल नाही किंवा तो रात्रीच बाबांबरोबर येतो, तिथे तेच प्रश्न चिठ्ठीवर द्या. सकाळी उत्तरं चाळली, की कोणाला पुन्हा पट्ट्या द्यायच्या आणि कोणाला पुढचं गणित, हे बाईंना तास सुरू व्हायच्या आधीच कळतं. मोबाईलचा खरा उपयोग इथे आहे.

हे शिक्षकांच्या अंगवळणी पडायचं, तर त्यांचं स्वतःचं प्रशिक्षणही असंच हवं. नव्या शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. शिक्षकांसाठीचं 'निष्ठा' प्रशिक्षण 2020 पासून 'दीक्षा' या शैक्षणिक मंचावर ऑनलाईन आलं. माहिती गावोगावी पोचायला ही सोय उत्तम. पण मग समोरासमोरच्या दिवशी तीच माहिती पडद्यावरून वाचून दाखवू नका. तो दिवस हाताने करून बघण्यासाठी ठेवा.

पडद्याला प्रत्यक्ष कामाची जोड द्यायची, ही काही आजची कल्पना नाही. 1975-76 मध्ये सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांत उपग्रहाद्वारे दूरदर्शन पोचवण्याचा 'साईट' प्रयोग झाला. त्यातल्या शिक्षक प्रशिक्षणातही दूरदर्शनच्या जोडीला रेडिओ, छापील साहित्य आणि गटातलं काम होतं. नुसत्या पडद्याने भागत नाही, हे तेव्हाच्या आखणीतही दिसतं.

केंद्रप्रमुखांना माझी विनंती आहे. तुमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या पुढच्या शिक्षण परिषदेत एकच घटक निवडा. त्यावरचा व्हिडिओ शिक्षकांनी घरून बघून यावं. परिषदेत दोघा-दोघांनी मिळून पाठ आखावा, आठवडाभरात तो वर्गात घ्यावा, आणि शक्य असेल तिथे एका सहकाऱ्याने मागे बसून बघावा. बघणाऱ्याने शेरे मारू नयेत, मुलं काय करत होती तेवढं टिपावं. पुढच्या भेटीला मुलांच्या वह्या घेऊन या. चर्चा त्या वह्यांवर होऊ द्या.

एकशिक्षकी शाळेत मागे बसणार कोण? तिथे आपल्या पाठाची दहा मिनिटं मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा आणि घरी ऐका. प्रश्न विचारल्यावर आपण किती थांबलो? अमेरिकेतल्या संशोधक मेरी बड रो यांना आढळलं, की शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होतात. हे ध्वनिमुद्रण तुमच्यापुरतंच ठेवा. वरिष्ठांनी ते मागू नये. अहवालासाठी फोटो काढण्यात प्रशिक्षणाचा निम्मा जीव जातो, तेवढं तरी टाळू.

वर्गात रेंज नसेल, तर 'दीक्षा'वरचं साहित्य रेंज असेल तिथे आधीच उतरवून ठेवता येतं. आणि पालकहो, संध्याकाळी मुलाने त्या तीन प्रश्नांसाठी मोबाईल मागितला, तर पंधरा मिनिटं द्या. उत्तर मात्र तुम्ही सांगू नका. चुकलं तर चुकू द्या, बाईंना ती चूकच बघायची आहे.